रोलर आणि धाब्याचं घर

दोंडाईच्याच्या जुन्या वस्तीत रस्त्याचं काम निघालं की पहिल्यांदा ऐकू येतो तो पोकलेनचा ब्रेकर. जुनं काँक्रीट फोडताना त्याची खडखड पलीकडच्या गल्लीपर्यंत जाते, तान्ही मुलं दचकून उठतात, आणि तक्रारही त्याचीच होते. घराला खरा त्रास मात्र त्यामागून येणाऱ्या दहा-अकरा टनी रोलरचा होतो.

मुरूम पसरून झाला, टँकरनं पाणी मारलं आणि रोलर गल्लीत शिरला. एका घरातले नाना म्हणाले, ‘रोलर उना की भिंत हालस, भो.’ मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचं धाबं. रोलर दारासमोर आला तसे मांडणीवरचे डबे वाजू लागले आणि तुळयांच्या फटींतून बारीक माती झरली. आम्ही उंबऱ्याच्या आत जमिनीवर पाण्यानं भरलेलं ताट ठेवलं. पाण्यावर दाट, बारीक रेघा उठल्या. मुकादमाला सांगून वायब्रेटर तेवढा बंद करवला. इंजिनाची घरघर होती तशीच राहिली, पण ताटातलं पाणी जवळजवळ स्थिर झालं. कानाला जाणवतं ते वेगळं आणि भिंतीला भोगावं लागतं ते वेगळं.

रोलरच्या ड्रमच्या आत एका बाजूला जड असलेलं वजन गरगर फिरतं, त्यामुळे ड्रम सेकंदाला तीसेक वेळा जमीन ठोकतो. हा हादरा मोजतात तो जमिनीचे कण किती वेगानं हलतात त्यावरून. असा रोलर साडेसात मीटरवर सेकंदाला पाच मिलिमीटरच्या आसपास वेग देतो; अंतर दुप्पट केलं की तो साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. गल्लीत तर ड्रम आणि भिंत यांच्यात दोन पावलंही नसतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात, सुरुंगाच्या हादऱ्यांसाठी, नाजूक ऐतिहासिक वास्तूंना 8 ते 25 हर्ट्झमध्ये सेकंदाला 5 आणि त्यापुढे 10 मिलिमीटरची मर्यादा आहे. ती खाणींसाठी आहे, गल्लीतल्या रोलरसाठी नाही. आवाजाचं तसं नाही: 2000 च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ठरलेले आहेत, आणि 2010 च्या दुरुस्तीनं रात्री दहा ते सकाळी सहा बांधकामाची गोंगाट करणारी यंत्रं तिथे चालवायला बंदी आहे.

भेगांचा प्रश्न इथे आणखी अवघड. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावरच्या घरांना भेगा त्यानंही पडतात. म्हणून ‘ही भेग जुनीच आहे’ असं कुणी म्हटलं की घरमालकाजवळ उत्तर नसतं. उत्तर तयार ठेवायला खर्च फारसा लागत नाही. रोलर यायच्या आधी भेगेचा, शेजारी पट्टी धरून, तारखेसह फोटो काढायचा आणि भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून ठेवायची. भिंत सरकली की काच तडकते. हे काम खरं तर ठेकेदाराकडून करून घ्यायला हवं, आणि तशी अट निविदेतच असायला हवी.

अभियंत्याची अडचणही खोटी नाही. मुरूम नीट दाबला नाही तर पहिल्याच पावसात रस्ता खचतो. पण थर पातळ ठेवला, पाण्याचं प्रमाण जमवलं आणि वायब्रेटर न लावता फेऱ्या वाढवल्या, तरी दाब बसतो. वेळ आणि डिझेल जास्त लागतं, इतकंच. आणखी एक गोष्ट चालकाला बजावून सांगायची: वायब्रेटर घरासमोर चालू-बंद करायचा नाही. आतलं वजन वेग घेताना किंवा सोडताना जमिनीच्या स्वतःच्या कंपनाशी क्षणभर जुळतं आणि त्या क्षणी हादरा सगळ्यात मोठा असतो. त्या दिवशी आमच्याच प्रयोगात तो नानांच्या दारातच बंद झाला होता. नंतर चालकदादाला हे समजावलं, तेव्हा त्यानं वस्तीच्या अलीकडे, मोकळ्या जागेतच बटण बंद केलं आणि पुढचा सगळा पट्टा नुसत्या वजनानं दाबत गेला.