३१ टक्के की सव्वादोन टक्के?

औषधकंपनीचा प्रतिनिधी आपल्या टेबलावर जे गुळगुळीत माहितीपत्रक ठेवून जातो, त्यातील एक वाक्य आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे : ‘हृदयविकाराचा धोका अमुक टक्क्यांनी कमी.’ हे टक्के कशाचे, याचा खुलासा मात्र सहसा आढळत नाही. विचारावे तर तो हसून पेन पुढे करतो!

१९९५ साली प्रसिद्ध झालेली, पश्चिम स्कॉटलंडमधील प्राव्हास्टॅटिनची चाचणी पाहू. कोलेस्टेरॉल वाढलेले, परंतु पूर्वी झटका न आलेले, ४५ ते ६४ वयाचे ६५९५ पुरुष यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले गेले. सरासरी ४.९ वर्षांत प्लासिबो घेणाऱ्या ३२९३ जणांपैकी २४८ जणांना झटका आला वा हृद्‌रोहिणीविकाराने मृत्यू आला. औषध घेणाऱ्या ३३०२ जणांत ही संख्या १७४ होती. म्हणजेच धोका सुमारे ७.५ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर उतरला. ही घट मूळ धोक्याच्या तुलनेत मोजली की ३० टक्के भरते (कालावधीचा हिशेब धरून संशोधकांनी ती ३१ टक्के दिली आहे). ही सापेक्ष घट. नुसती वजाबाकी केली, तर हाती सव्वादोन टक्के उरतात. ही निरपेक्ष घट. शंभराला सव्वादोनने भागल्यास कळते, की एका पुरुषावरील आपत्ती टळावी म्हणून सुमारे ४४ जणांना पाच वर्षे गोळी द्यावी लागली.

दोन्ही आकडे खरेच आहेत. मात्र सापेक्ष घट मूळ धोका किती होता हे सांगत नाही. ज्याचा मूळ धोका अवघा १ टक्का आहे, त्याच्या बाबतीत तीच ३० टक्के घट ०.३ टक्क्यांवर येते, आणि ४४ च्या जागी ३३३ जणांना औषध द्यावे लागते. खर्च व दुष्परिणाम मात्र प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ववतच येतात.

याच चाचणीत सर्व कारणांनी झालेले मृत्यू १३५ विरुद्ध १०६ होते आणि ‘पी’चे मूल्य ०.०५१ आले. अर्थ असा, की औषध निष्प्रभ असते तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ५.१ टक्के होती. ०.०५ ही रेषा केवळ संकेताने ठरलेली आहे. ती किंचित ओलांडली म्हणून ‘मृत्यू घटलेच नाहीत’ असा निष्कर्ष काढणे माझ्या मते उतावळेपणाचे ठरेल.

आणखी एक गोष्ट. या चाचणीत एकही स्त्री नव्हती. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या पन्नाशीच्या भगिनीला ४४ हा आकडा तसाच लावता येणार नाही. तिचे वय, रक्तदाब, मधुमेह पाहून तिचा मूळ धोका आधी काढावा लागेल.