ऊती : मागावरून शरीरात आलेला शब्द

उरण तालुक्यात सिडकोने वसवलेल्या द्रोणागिरीच्या कडेला, खाडीच्या चिखलात तिवरांची झाडे आहेत. ओहोटीच्या वेळी त्यांच्या बुंध्याभोवती पेन्सिलीसारखी मुळे चिखलातून वर आलेली दिसतात. ही श्वसनमुळे. त्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, म्हणून मुळांच्या सालीवरच्या रंध्रांतून हवा आत शिरते आणि विरळ पेशींमधल्या पोकळ्यांतून खालच्या मुळांपर्यंत पोचते. या रचनेला वायुऊती म्हणतात. ‘ऊती’ हा शब्द मुले परीक्षेपुरता पाठ करतात. त्याचा अर्थ क्वचितच कोणी सांगतो. दुधाला येणाऱ्या उताशी त्याचा काही संबंध नाही. संस्कृतात ‘वे’ म्हणजे विणणे, त्यावरून ‘ऊत’ म्हणजे विणलेले. याच धातूचा ‘ओतप्रोत’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना हे सारे कशात ओतप्रोत आहे असे विचारते, तेव्हा तिच्या प्रश्नात उभेआडवे धागेच आहेत. युरोपातही कल्पना मागावरचीच. फ्रेंच ‘तिस्यू’ म्हणजे विणलेले कापड. ‘हिस्टॉलॉजी’तला ग्रीक ‘हिस्टोस’ म्हणजे माग.

पण शरीर कुठे विणलेले असते? पेशी तर एकमेकींना चिकटून वाढतात. आक्षेप रास्त आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ झाव्हिए बिशा याने 1801 साली ऊतींचे 21 प्रकार सांगितले, तेही सूक्ष्मदर्शकाविना. पेशीसिद्धान्त 1838-39 मधला. म्हणजे नाव आधी पडले, पेशींचे महत्त्व नंतर कळले. तरीही ते टाकून देण्याजोगे वाटत नाही. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेनचे तंतू खरोखरच एकमेकांत गुंतलेले असतात. तिवराच्या मुळात असे विणकाम नाही, पण तेच सूत घट्ट विणले तर कॅनव्हास होतो, विरळ विणले तर मच्छरदाणी. गुण सुताइतकाच विणीचा. वायुऊतीतही पेशींइतकेच, किंबहुना जास्तच, काम त्यांच्यामधल्या रिकाम्या जागा करतात. नुसत्या पेशी मोजून हे कळणार नाही, त्यांची मांडणी पाहावी लागते, आणि ‘ऊती’ हा शब्द नेमके मांडणीकडेच बोट दाखवतो.

संस्कृतज्ञांचा आक्षेप अधिक अवघड आहे. ऋग्वेदात ‘ऊति’ म्हणजे रक्षण, साहाय्य; तो ‘अव्’ धातूचा शब्द. शिवाय मराठीत एक ऊती आणि अनेक ऊती यांत फरक दिसत नाही. मराठी विश्वकोशाने ‘ऊतक’ वापरला आहे. त्यात विणण्याचा अर्थ निःसंदिग्ध आहे आणि ‘ऊतके’ असे अनेकवचनही सरळ होते. मात्र ‘वायूतक’सारख्या संधीत मूळ शब्दच हरवतो, त्यामुळे शाळेत मी ‘वायुऊती’च पसंत करीन. राहता राहिला ‘टिश्यू’. जळगावचा केळी उत्पादक ‘टिश्यूची रोपे’ म्हणतो, आणि बाजारात त्याचे काम त्यावर भागते. पण शहरी मुलाला तो शब्द आधी हात पुसायच्या कागदाची आठवण करून देतो.