धक्का जिरवणारी गाडी

सित्रोएनची सी५ एक्स पहिल्यांदा पाहताना ही नेमकी कोणत्या जातीची गाडी, असा प्रश्न पडतोच. पुढून ती सेडान वाटते. छप्पर इस्टेटसारखं मागे लांबवर जातं आणि शेवटी कूपेसारखं उतरतं. जमिनीपासून ती सेडानपेक्षा जरा वर उचललेली आहे आणि चाकं तर एसयूव्हीला शोभतील अशी. लांबी ४.८० मीटर, उंची जेमतेम १.४९ मीटर आणि टायरचा व्यास तब्बल ७२ सेंटिमीटर. एप्रिल २०२१मध्ये कंपनीने ती जगापुढे ठेवली, तेव्हा मोठ्या सेडान आणि इस्टेट गाड्यांचं गिऱ्हाईक एसयूव्हीकडे वळून बरीच वर्षं झाली होती. एसयूव्ही-सेडान-इस्टेट अशी ही मिसळ त्या गिऱ्हाइकाला परत बोलावण्यासाठी होती. जुळणी चीनमधल्या चेंगडूत, विक्री चीनमध्ये आणि युरोपात. फ्रेंच कंपनीची सर्वांत वरच्या दर्जाची गाडी चीनहून युरोपात यावी, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. मला मात्र तिच्या पत्त्यापेक्षा तिच्या चाकांपाशी काय बसवलंय, हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९५५च्या पॅरिस मोटर शोमध्ये सित्रोएनने डीएस मांडली आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० ऑर्डरी आल्या. फ्लामिनिओ बर्तोनीने घडवलेला तिचा देह लोकांना भुरळ घालणारा होताच, पण तिचा खरा चमत्कार होता पॉल माजेसचं सस्पेन्शन. प्रत्येक चाकापाशी धातूचा एक गोळा. त्यात नायट्रोजन वायू आणि तेल, मध्ये लवचिक पडदा. चाक वर उचललं गेलं की तेल पडद्याला ढकलतं, वायू दाबला जातो आणि धक्का तिथेच मुरतो. इंजिनावर चालणारा पंप तेलाचा दाब राखतो, त्यामुळे डिकीत कितीही सामान भरा, गाडी मागे बसत नाही. ऑगस्ट १९६२मध्ये पेटी-क्लामार इथे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला. टायर फुटले, तरी चालकाने गाडी न थांबवता बाहेर काढली. या गाडीची फ्रान्समधली पुण्याई त्या दिवशी आणखी वाढली.

डीएसनंतर सीएक्स, एक्सएम, झँशिया, सी५ अशी ही परंपरा साठ वर्षं चालली. पण गोळे, पंप, उच्च दाबाच्या नळ्या हा सगळा महागडा खटाटोप होता आणि दुरुस्तीला जाणता हात लागायचा. २०१७मध्ये सी५ बंद झाली आणि तिच्याबरोबर हे सस्पेन्शनही संपलं.

सी५ एक्समध्ये त्याच्या जागी आहेत हायड्रॉलिक कुशन. साध्या गाडीत स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर आणि शेवटी एक रबरी स्टॉपर असतो. खड्डा खोल असला की शॉक अॅब्सॉर्बरचा दांडा प्रवासाच्या टोकाला जाऊन त्या रबरावर आदळतो. रबर थोडा धक्का गिळतं आणि उरलेला परत फेकतं. कमरेला कळ बसते ती तिथे. सित्रोएनने दांड्याच्या दोन्ही टोकांना, एक दाबताना आणि एक ताणताना, तेलाचा छोटा अडसर बसवला. दांडा टोकाजवळ आला की हा अडसर त्याला हळूहळू आवरतो, दार आपटू नये म्हणून लावलेला डोअर क्लोजर शेवटच्या वीतभर अंतरात करतो तसं. धक्क्याची ऊर्जा तेलात उष्णता होऊन जिरते, उलटी येत नाही. यातून दुसरा फायदा असा की टोकाची काळजी अडसर घेत असल्यामुळे मधल्या प्रवासात स्प्रिंग मऊ ठेवता येते. ना पंप, ना नळ्या. जुन्या गोळ्यांची सर याला नाही, आणि भार वाढल्यावर गाडी स्वतःहून समतल करण्याची करामतही यात नाही. तरीही त्या विचाराचा गाभा स्वस्तात शाबूत ठेवला, हे या अभियंत्यांचं मोठं काम आहे.

युरोपात सी५ एक्सला डिझेल इंजिन दिलंच नाही. १३० आणि १८० हॉर्सपॉवरची पेट्रोल इंजिनं आणि २२५ हॉर्सपॉवरची प्लग-इन हायब्रिड असे पर्याय होते. प्लग-इनमध्ये १.६ लिटरच्या पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड आणि १२.४ किलोवॉट-अवरची बॅटरी आहे. निव्वळ विजेवर ती पन्नासहून जास्त किलोमीटर जाते, असं चाचणीचे आकडे सांगतात. ७.४ किलोवॉटच्या चार्जरवर बॅटरी दोन तासांच्या आत भरते. सस्पेन्शनचा कडकपणा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कमी-जास्त होण्याची सोयही याच मॉडेलला मिळाली. बदल्यात डिकी ५४५ लिटरवरून ४८५ लिटरवर आली आणि वजन दोनशे किलोंहून अधिक वाढलं.

इथे ग्राहकाने स्वतःशी प्रामाणिक राहायला हवं. रोज रात्री घरी प्लग लावणाऱ्याचं ऑफिसला जाणं-येणं पेट्रोलशिवाय होतं. न लावणारा ती जड बॅटरी नुसती वाहत राहतो आणि पेट्रोलवर गाडी हाकतो. युरोपीय आयोगाने २०२४मध्ये गाड्यांमध्येच नोंदलेले आकडे तपासले, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यांच्या सरासरी साडेतीन पट निघालं. घरी चार्जिंगची सोय नसेल, तर १८० हॉर्सपॉवरची साधी पेट्रोल गाडी घेणं केव्हाही शहाणपणाचं.

सी५ एक्स भारतात आली नाही. इस्टेट हा प्रकारच आपल्याकडे रुजला नाही. टेल्कोने १९९२मध्ये पुण्यात टाटा इस्टेट बनवली, पुढे इंडिगो मरिना आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली. सगळ्या आल्या तशा गेल्या. कुशन मात्र आपल्याकडे पोचले. २०२१मध्ये सित्रोएनने भारतात पाऊल ठेवलं ते सी५ एअरक्रॉस घेऊन, आणि तिच्यात हेच सस्पेन्शन होतं. ती सेकंडहँड कुठे मिळत असेल आणि चालवून पाहायची संधी आली, तर एक्स्प्रेस-वेवर नेऊ नका. तिथे सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. घरातल्या कंबरदुखीवाल्या वडीलधाऱ्यांना मागच्या सीटवर बसवा, गल्लीतल्या सर्वांत वाईट स्पीडब्रेकरवरून गाडी काढा आणि निकाल त्यांनाच देऊ द्या.