मेची सुटी, हजचा महिना आणि विमानाचे तिकीट

"यंदा मेच्या सुटीत मुलांना घेऊन उमऱ्याला जाऊ," असे अनेक घरांत ठरते. शाळा बंद असतात, अब्बांना रजा मिळते, आणि येताना दुबईच्या मामूंकडे दोन दिवस उतरता येईल असाही बेत असतो. मग टूरवाल्याकडे चौकशी केली की तो सांगतो, "मेमध्ये जमणार नाही, हजचे दिवस आहेत." शेजारच्या खाला तर काही वर्षांपूर्वी मेमध्येच जाऊन आल्या होत्या. मग आपल्यालाच नकार का?

खालांचे खरे आहे आणि टूरवाल्याचेही. २०१९ साली मेमध्ये रमजान होता आणि हज ऑगस्टमध्ये. २०२४ ला हज जूनच्या मध्यावर आला, २०२५ ला जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि २०२६ चा हज मेच्या अखेरच्या आठवड्यातला. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे आपला प्रत्येक महिना दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. हजच्या आधीचे काही आठवडे बाहेरच्या देशांतून येणाऱ्यांसाठी उमरा बंद असतो. ही बंदीही हजबरोबर सरकत आली आणि आता नेमकी शाळेच्या सुटीवर येऊन बसली आहे.

देशाचे आकडे काय सांगतात?

आपल्या देशात कोण आले आणि कोण गेले याची नोंद विमानतळ, बंदरे आणि सीमेवरच्या नाक्यांवर इमिग्रेशन खाते करते. त्यावरून पर्यटन मंत्रालय महिन्यामहिन्याचे आकडे काढते. परदेशी पाहुणे थंडीत जास्त येतात. डिसेंबर हा त्यांचा भर, तर मे-जूनच्या उन्हापावसात ओघ आटतो. भारतीयांचे बाहेर जाणे मात्र शाळेच्या सुटीवर चालते. मेमध्ये मोठी गर्दी आणि डिसेंबरात पुन्हा एकदा.

२०१९ मध्ये सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक भारतात आले. त्याच वर्षी भारतीयांची बाहेर जाण्याची नोंद सुमारे २ कोटी ६९ लाख होती. मग कोरोना आला. २३ मार्च २०२० ला नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे बंद झाली, ती २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. त्यानंतर बाहेर जाणे झपाट्याने वाढले आणि २०२४ मध्ये ३ कोटी ८ लाखांवर गेले. परदेशी पर्यटक मात्र २०२४ मध्येही २०१९ च्या आकड्याला पोचले नव्हते.

या तीन कोटींत कोण आहे?

हा आकडा छापून आला की "भारतीय लोक परदेशात मौजेला निघाले" असा मथळा दिसतो. पण या नोंदीत फक्त मौजेचे प्रवासी नसतात. भारतीयांच्या प्रवासात पहिला क्रमांक संयुक्त अरब अमिरातीचा आणि दुसरा सौदी अरबचा लागतो. यांत फिरायला जाणारे आहेत, तसेच महिनाभराची रजा संपवून कामावर परतणारेही आहेत. रत्नागिरी-रायगडच्या गावातून निघालेला, डोळे पुसत अम्मीचा निरोप घेणारा मुलगाही याच आकड्यात एक असतो. शिवाय ही मोजणी माणसांची नसून फेऱ्यांची आहे. वर्षात तीनदा गेलेला माणूस तीनदा मोजला जातो.

तोच मुलगा रजेवर घरी येतो तेव्हा परदेशी पर्यटकांत धरला जात नाही, कारण पासपोर्ट भारतीय. अनिवासी भारतीयांच्या आगमनाची मोजणी वेगळी होते. २०१९ मध्ये ती सुमारे ७० लाख होती आणि २०२३ मध्ये ९३ लाखांच्या वर गेली. आपल्या घरांची खरी गोष्ट या दुसऱ्या रकान्यात असते, आणि वर्तमानपत्रात तो क्वचितच छापून येतो.

आता हजचे पाहा. २०२४ मध्ये भारताचा कोटा १,७५,०२५ होता. वर्षाच्या तीन कोटींत हे शंभरात एकही नव्हे. पण हाजी साधारण महिनाभरात निघतात, आणि देशाची महिन्याची सरासरी पंचवीस-सव्वीस लाख आहे. त्या एका महिन्यात हे प्रमाण शंभरात जवळजवळ सात होते. हा भार २०१९ मध्ये जुलैच्या आकड्यात होता, २०२४ मध्ये मेवर आला, आणि २०२५ मध्ये तर विमाने एप्रिलच्या अखेरीसच निघू लागली. म्हणून "गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा इतके वाढले" असे वाचताना भिंतीवरचे हिजरी कॅलेंडरही पाहावे.

घरच्या बेतासाठी

पहिली गोष्ट, शाळकरी मुलांसह उमरा करायचा असेल तर सध्या दिवाळीची सुटी सोयीची. चंद्राच्या हिशेबाने २०२९ मध्ये हज एप्रिलच्या अखेरीस आटोपेल. हज संपल्यावर उमरा पुन्हा सुरू होतो, त्यामुळे तेव्हापासून मेची सुटी परत मोकळी होण्याची आशा आहे.

दुसरी, रमजान हळूहळू ऐन थंडीत चालला आहे. २०३० मध्ये तर तो दोनदा येईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. तेव्हा रमजानच्या उमऱ्याची गर्दी आणि नाताळच्या सुटीची गर्दी एकाच विमानात चढेल. त्यासाठी पैसे बाजूला टाकायला आत्तापासून सुरुवात केलेली बरी.

तिसरी, गर्दी कोणत्या दिशेने आहे ते ओळखावे. आखातातल्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुटी असते. जूनअखेर तिकडून इकडे येणारी तिकिटे महागतात, ऑगस्टअखेर इकडून तिकडे जाणारी. उलट दिशेला त्याच दिवसांत बहुधा स्वस्त मिळते. आखातात एकट्या राहणाऱ्या भाईजानला भेटायला घरच्यांनी जायचे असेल, तर हा फरक मोठा असतो.

आणि ईद चंद्रदर्शनावर ठरते. ईदच्या आदल्या रात्री पोचणारे तिकीट काढले आणि चाँद एक दिवस आधी दिसला, तर नमाज विमानतळावरच पडायची. वर्षभर वाट पाहणाऱ्या घरासाठी दोन दिवस आधीचे तिकीट घ्यावे. थोडे महाग पडले तरी चालेल, ईदच्या सकाळी शिरखुर्म्याला सगळे एकत्र असतील.