लग्न वैशाखात, तयारी दसऱ्यापासून



कोणत्या रानात काय पेरायचं, खत कधी टाकायचं, पाण्याच्या पाळ्या किती द्यायच्या, हे आपण पेरणीआधी ठरवतो. घरचं लग्न मात्र अंगावर येईल तसं करतो. सुपारी फुटली की धावपळ सुरू होते. डाळ, गहू, कांदा, झेंडू हे सगळं आपल्याच शिवारात पिकतं, पण ऐन लग्नात तेच बाजारातून चढ्या भावानं आणावं लागतं. आपण विकलेली तूर डाळ होऊन दुप्पट भावानं आपल्याच मांडवात परत येते.

यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी ते शिवारातच, घरच्या मालावर करायचं मनात घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही. मात्र त्याची तयारी पिकासारखी हंगाम बघून करावी लागते. ती कशी, ते या पत्रकात सांगितलं आहे.

आधी मृगाचे पैसे बाजूला

वैशाखातला मांडव आणि मृगाची पेरणी यांत अंतर फार थोडं. मांडव उतरला की तीन-चार आठवड्यांत, ७-८ जूनला मृग निघतो. त्या वेळी बी-बियाणं, खत, नांगरटीचं भाडं हे सगळं रोख लागतं. लग्नात हात रिकामा झाला, तर बी उधारीवर येतं आणि पीक उभं राहण्याआधीच त्याचे पैसे दुसऱ्याचे होतात. लग्नाचा खरा फटका बसतो तो इथं.

म्हणून पहिला नियम असा. माल विकून पैसे हाती आले की खरिपाच्या पेरणीची रक्कम आधी वेगळी काढा आणि बँकेत घरच्या बाईच्या नावावर ठेवा. उरेल त्यात लग्न बसवा. पीककर्ज लग्नात घालू नका. ते वेळेत फिटलं नाही तर व्याजाची सवलत जाते, खातं थकबाकीत जातं आणि पुढच्या हंगामाला बँकेचं दार बंद होतं.

खाजगी कर्जाचा हिशेब तर पाटीवर मांडून बघा. एक लाख रुपये दरमहा शेकडा तीन रुपयांनी घेतले, तर वर्षाचं व्याज ३६ हजार होतं. तीन वर्षांत व्याजच १ लाख ८ हजार भरलं जातं आणि मुद्दल जिथल्या तिथं राहतं. कर्ज काढून लग्न करू नका, असं गाडगेबाबा कीर्तनातून गावोगाव सांगत होते. आजही त्यात बदल करण्यासारखं काही नाही.

पाचशे पानांचा अंदाज

जेवणाचा अंदाज पानावर काढतात. एका पानाला कच्चा तांदूळ १०० ग्रॅम, तूरडाळ ४० ग्रॅम, पुरीची कणीक १०० ग्रॅम, भाजी सव्वाशे ग्रॅम, लापशीचा भरडा ५० ग्रॅम आणि तेवढाच गूळ धरा. यावरून ५०० पानांना लागेल ते असं :

तांदूळ – ५० किलो
तूरडाळ – २० किलो
पुरीची कणीक – ५० किलो
लापशीचा भरडा – २५ किलो
गूळ – २५ किलो
वांगी किंवा दुसरी भाजी – ६० ते ६५ किलो
तेल – १५ ते २० किलो

हा एका जेवणाचा हिशेब झाला. हळदीच्या दिवसाचं जेवण वेगळं धरा आणि एकूण मालात दहावा हिस्सा वाढवून ठेवा. गावच्या आचाऱ्याला हा कागद दाखवा. आपल्या भागातली माणसं भात जास्त खातात की पुरी, हे त्याला बरोबर ठाऊक असतं.

आता यातलं घरचं किती ते बघा. एक क्विंटल तूर गिरणीत भरडली तर साधारण ६५ ते ७० किलो डाळ मिळते. म्हणजे २० किलो डाळीला ३०-३२ किलो तूर पुरे. गहू एक क्विंटल ठेवला की पुरी आणि लापशी दोन्ही भागतं. ही तूर आणि हा गहू खळ्यावरच वेगळा काढा, कडक उन्हात वाळवा, कोठीत भरा आणि पोत्यावर 'लग्नाचा' अशी खूण करा. खूण नसली की पोतं बाजारात जातं. तांदूळ, तेल, गूळ जिथं पिकत नाही तिथं ते विकत घ्यावं लागेल. पण ते गुढीपाडव्याच्या आतच चार घरांनी मिळून घाऊक घ्यावं.

गोड पदार्थाचं एक सांगतो. वैशाखाच्या उन्हात बासुंदी, श्रीखंड असे दुधाचे पदार्थ शेतात टिकत नाहीत. त्यातून विषबाधा होते आणि सोयरिकीची सुरुवात दवाखान्यात होते. गुळाची लापशी किंवा बुंदी बरी. प्यायला कैरीचं पन्हं आणि ताक ठेवा.

कोणत्या महिन्यात काय करावं

लग्न मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आहे असं धरून हा आराखडा दिला आहे. तारीख पुढं-मागं असेल तर तेवढेच दिवस सरकवा.

दसरा-दिवाळी : मांडवाचं रान ठरवा. त्या रानात लवकर निघणारं रब्बी पीक घ्या. सोयऱ्यांशी माणसांचा आकडा बोलून घ्या.

डिसेंबर ते जानेवारीचा पहिला पंधरवडा : कांद्याची लागण. तो एप्रिलमध्ये निघतो आणि सुकवून मांडवाला तयार होतो.

जानेवारीचा मध्य : वांगी आणि झेंडूची रोपं गादीवाफ्यावर टाका. पाणी बेताचं असेल तर तीन-चार गुंठे वांगं पुरे. झेंडू कडेनं लावला तरी चालतो.

फेब्रुवारीचा शेवट : रोपांची लागण करा. दोन महिन्यांनी वांगी तोडणीला येतात आणि झेंडूही फुलू लागतो. सरपण याच सुमारास तोडून वाळत टाका.

मार्चचा मध्य : काकडीचं बी टोका. पन्नास दिवसांत कोशिंबिरीला काकडी मिळते.

मार्चचा शेवट : कोथिंबीर टाका, ती चाळीस दिवसांत तयार होते. उन्हात लवकर फुलावर येते, म्हणून झाडाच्या किंवा शेवग्याच्या सावलीत टाका.

लग्नाच्या भाजीवर आणि फुलांवर शेवटच्या दिवसांत औषध मारू नका. फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करावी, ते डब्याच्या लेबलावर छापलेलं असतं. ती मुदत पाळलीच पाहिजे.

मांडवाचं रान

पंगतीला बसणाऱ्या माणसाला वाढप्याच्या वाटेसकट दहा चौरस फूट जागा लागते. अडीचशे माणसांची एक पंगत म्हणजे अडीच हजार चौरस फूट, सुमारे अडीच गुंठे. बोहलं, चूल, पाण्याची जागा आणि गाड्या धरून दहा-बारा गुंठे रान मोकळं ठेवा.

रान हलकं, मुरमाड आणि रस्त्यालगत असावं. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकतो. आणि वळवाची एक सर आली की वऱ्हाडाची गाडी तिथंच रुतते. गव्हाचं, हरभऱ्याचं धसकट पेटवू नका, वेचून खड्ड्यात टाका. मग फळी मारून, पाणी शिंपडून दोनदा रान दाबून घ्या आणि आदल्या दिवशी शेणसडा घाला. गाड्यांनी आणि माणसांनी रान घट्ट होतं, म्हणून पावसाआधी जे नांगरायचंच आहे तेच रान निवडा.

मांडवावर कडब्याचं किंवा पेंढ्याचं छप्पर घालू नका. सावलीचं कापड किंवा ताडपत्री ताणून वर जांभळाचे, आंब्याचे डहाळे टाका. एप्रिल-मे महिन्यांत वावटळ आणि वळीव हमखास येतात, म्हणून मेढी दोन फूट खोल पुरा आणि चारी बाजूंनी तणाव द्या. मुहूर्तमेढीला आणि देवकाला एक फांदी पुरते, उंबर किंवा कळंब बुडातून तोडायचं काम नाही.

या पाच गोष्टींवर नजर ठेवा

शिवारातल्या लग्नात आनंद मोठा, तसे धोकेही असतात. गावात नसतात ते धोके रानात असतात.

१. विहीर. कठडा नसलेल्या विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांचा कूड करा आणि लग्नाचा दिवसभर एक जाणता माणूस तिथं बसवा. पाहुण्यांच्या पोरांना विहीर कुठं आहे ते ठाऊक नसतं. शेततळ्यालाही हेच लागू.

२. चूल. मांडवापासून आणि कडब्याच्या गंजीपासून चूल पन्नास फूट लांब हवी. उन्हाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून ती पूर्वेच्या अंगाला मांडा. शेजारी पाण्याची दोन पिंपं आणि वाळूच्या बादल्या भरून ठेवा.

३. वीज. तारेखाली मांडव घालू नका. आकडा टाकून किंवा मोटारीच्या पेटीतून उघडी वायर ओढून दिवे लावू नका. वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी मिळते, तिचा अर्ज आधी करा. आभाळात कडकडाट सुरू झाला तर माणसं झाडाखाली थांबवू नका, पक्क्या घरात न्या.

४. पाणी. स्वयंपाक, पिणं आणि हात धुणं धरून माणशी दहा लिटर, म्हणजे ५०० माणसांना ५००० लिटर पाणी लागतं. ते शुद्ध करायला दर १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. ती बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता आणि निदान अर्धा तास थांबा.

५. औषधाची भांडी. कीटकनाशकाचं रिकामं पिंप कितीही धुतलं तरी त्यात पाणी किंवा ताक भरू नका. शेतातल्या खोलीत औषधं असतील तर आठ दिवस आधी ती कुलपात टाका.

बैलगाडी, जनावरं आणि उष्टं

वरात बैलगाडीतून निघाली की गाव बघत राहतं. पण बैल वैशाखात उन्हानं थकलेले असतात. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथं दुपारी १२ ते ३ जनावरांना ओढकामाला जुंपायला कायद्यानं मनाई आहे. म्हणून गोरज मुहूर्त धरा. ऊन उतरलेलं असतं, पाहुण्यांनाही बरं. गाडीत माणसं बेतानं बसवा आणि बैलांजवळ फटाके वाजवू नका. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, तेव्हा वाजंत्री आणि हलगी आधीच होऊ द्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. पंगती उठल्यावर उरलेला भात, पुरी, लापशी टोपलीभर बैलापुढं किंवा गाईपुढं ओतू नका. आपल्याला वाटतं, मुक्या जनावराच्या तोंडी चार घास गेले, पुण्य लागलं. पण असलं अन्न एकदम जास्त पोटात गेलं की ते आंबतं, आम्लता वाढते, रवंथ बंद पडतो आणि जनावर बसतं. वेळेत उपचार झाला नाही तर ते दगावतं. लग्नसराईत असे प्रकार होतात. बैल गेला तर मृगाची पेरणी कशानं करणार? म्हणून त्या दिवशी जनावरं वेगळ्या गोठ्यात बांधा आणि एकावर त्यांचं चारापाणी सोपवा. जनावरानं चुकून खाल्लंच, तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा आणि काय, किती खाल्लं ते सांगा.

पत्रावळ्या आणि द्रोण पळसाचे घ्या. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पळसाची पत्रावळ आणि उष्टं मांडवामागच्या खड्ड्यात शेण-मातीच्या थरात पुरलं की त्याचं खत होतं.

मानपान आणि हात

पाचशे माणसांनी एकेक मूठ अक्षता टाकल्या तर दहा-बारा किलो धान्य पायाखाली जातं. चिमूटभर अक्षता आणि बाकी झेंडूच्या पाकळ्या वाटा. टॉवेल-टोपीचा मान तर असा वाढला आहे की सत्कार संपेपर्यंत मुहूर्त टळतो, आणि त्या टोप्या पुन्हा कुणी घालत नाही. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी आधीच बसून हा मान बंद करावा. द्यायचंच तर आंब्याचं एक कलम द्या.

कामाला माणसं विकत घेण्याआधी इर्जिक आठवा. पेरणीला, मळणीला एकमेकांच्या रानात आपण सावडीनं जातो, मग मांडवाला का नको? पुऱ्या लाटायला एका आळीच्या बाया, वाढायला तरुण मंडळ, पाण्याला शेजारचा मळा. त्यांच्या घरी कार्य निघेल तेव्हा आपण जायचं.

कागदाचं काम

मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण झाल्याचा दाखला बघूनच तारीख धरा. हुंडा घेणं आणि देणं, दोन्ही १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत विवाहाची नोंद करून घ्या, पुढं बँकेत आणि वारसाच्या नोंदीत तो दाखला लागतो. गावात सामुदायिक विवाह होत असेल तर त्याचा जरूर विचार करा. शासनाच्या मदतीची चौकशी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात होते.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, तेव्हा कमी खर्चाच्या साध्या लग्नाची रीतही घालून दिली. तीही शेतकऱ्याच्या डोक्यावरचं ओझं बघूनच. शिवारातलं लग्न त्याच वाटेनं न्यायचं आहे. मोकळं रान मिळालं म्हणून तिथं शहरासारखी कमान आणि रोषणाई भाड्यानं आणली, तर खर्च गावातल्यापेक्षा जास्त होईल.

हे पत्रक घरातल्या बायामाणसांना वाचून दाखवा आणि खुंटीला अडकवून ठेवा. तूर खळ्यावर आली की पहिलं पोतं खूण करून बाजूला काढा. लग्नाची तयारी तिथून सुरू होते.

रामराम.