गाडीचा फ्यूज उडाला? आधी हे बघा!

मंडळी, जळगावहून धुळ्याला निघालात आणि पारोळ्याजवळ भर उन्हात हॉर्न किंवा चार्जिंग सॉकेट बंद पडलं, तर आधी फ्यूज तपासा.

📍 फ्यूजबॉक्स बहुधा दोन असतात : एक डॅशबोर्डखाली, दुसरा बॉनेटमध्ये बॅटरीजवळ. कुठला फ्यूज कशाचा, ते झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये सापडतं.

🔧 गाडी बंद करून चावी काढा. चिमट्याने फ्यूज सरळ वर ओढा. आतली पट्टी तुटलेली दिसली, तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०.

⚠️ जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा जुगाड नकोच, वायरिंग जळू शकतं. नवाही लगेच उडाला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा.

चार सुटे फ्यूज आजच गाडीत टाकून ठेवा!