यात्रेतील शौचालये : घाणीचे गणित

आषाढी एकादशीला पंढरपुरात काही लाख माणसे एकवटतात. मूळ नगर २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे एक लाख वस्तीचे. तेथील नळ, गटारे आणि शौचालये त्याच मापाची. यात्रेतील शौचालयांच्या घाणीचा विषय निघाला की आपण यात्रेकरूंच्या सवयींना बोल लावतो. सवयींचा दोष आहेच; परंतु तो दुय्यम आहे. आधी हिशेब पाहावा.

एका माणसाला पाच मिनिटे धरली, तर एक शौचकूप तासाला १२ जणांच्या उपयोगी पडतो. पहाटे चार ते सात या वेळात ३६ जणांच्या. एक लाख लोकांना त्याच वेळात जावयाचे असेल, तर सुमारे २,८०० शौचकूप हवेत. प्रत्येकी पाच लिटर पाणी धरले तरी एका कूपाला तेवढ्या पहाटेसाठी १८० लिटर लागते. म्हणजे हजार लिटरची टाकी पाच कूपांनाच पुरते. ती रिकामी झाल्यावर येणारा माणूस मैला तसाच सोडून जातो, पुढचा आत पाऊल टाकीत नाही, उंबऱ्यापाशीच बसतो आणि त्यानंतरचे उघड्यावर जातात. तासाभरात सबंध रांग निकामी होते. अशा वेळी भिंतीवरील सुविचार काय करणार?

मैला पुढे कोठे जातो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. सेप्टिक टाकीतील जीवाणूंना विघटनासाठी अवधी लागतो. काही महिन्यांचा भार चार दिवसांत आला की टाकी वाहू लागते. फिरत्या शौचालयांची टाकी तर केवळ साठवणीची असते. ती उपसणारी गाडी गर्दीत अडकली की शौचालय बंद पडले म्हणून समजावे. वाहिलेला मैला पिण्याच्या पाण्यात मिसळला तर पटकी, विषमज्वर, कावीळ यांचा फैलाव होतो. स्त्रियांचे हाल निराळेच. शौचालयात जावे लागू नये म्हणून अनेकजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचे विकार घेऊन घरी परततात.

यात्रा पांगल्यावर उरलेली घाण पिढ्यान्‌पिढ्या एका विशिष्ट जातीतील माणसांनी उचलली. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये व पुन्हा २०१३ मध्ये कायदा झाला. तरीही पंढरपुरातील या प्रथेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. त्यानंतर चंद्रभागेच्या वाळवंटातील मुक्कामावर निर्बंध आले आणि पालखीमार्गावर फिरती शौचालये दिसू लागली. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते, याचाच अर्थ माणसे अजून गटारात उतरतात.

विनयपिटकातील चुल्लवग्गात शौचकुटीचे नियम आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बाहेर उभे राहून खाकरावे, आतल्यानेही खाकरून उत्तर द्यावे. कुटी मळलेली दिसल्यास धुवावी. पाण्याचे भांडे रिते असल्यास भरून ठेवावे. वडीलकीच्या क्रमामुळे आधी आलेले नवे भिक्षू ताटकळत व घेरी येऊन पडत. तेव्हा जो आधी येईल तो आधी जाईल, असा नियम झाला. कुटी धुण्यासाठी कोणताही निराळा वर्ग येथे नेमलेला नाही.

१४ ऑक्टोबरची आठवण जागविणारी दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरची चैत्यभूमी येथे जमणाऱ्या लाखोंनाही हेच गणित लागू आहे. भोजनदानाचे मंडप आपण हौसेने उभारतो. त्याच वर्गणीतून पाण्याचे टँकर, दर दहा कूपांमागे हातमोजे व गमबूट घातलेला एक पगारी माणूस आणि उपसा-गाडीसाठी दोरी बांधून मोकळी ठेवलेली वाट, एवढी तरतूद व्हावयास हवी.